हरलेल्यांच्या गल्लीतली मिरवणूक

ट्रक आमच्या गल्लीत शिरला तेव्हा मी मोरी आणि चंद्री या आमच्या दोन म्हशी तळ्यावरून धुऊन गोठ्याकडे आणत होतो. आधी बँड ऐकू आला. मग वळणावरून गुलालाचा एक लोट आला आणि त्याच्यामागून झेंडूच्या माळांनी मढवलेलं ट्रकचं तोंड. टपावर एक उंच, सावळा पोरगा पाय सोडून बसला होता आणि त्याच्या मांडीवर कप होता. दोन-तीन तासांपूर्वी फायनलला आम्ही हरलो तो हाच कप.

मोरी थांबली. ट्रकही थांबला. दोघांच्या नाकांत हातभर अंतर राहिलं. माझ्या मागे, गल्लीच्या टोकाला, तालमीच्या पायरीवर आमची सगळी पोरं माना खाली घालून बसली होती, ती एकदम उठली. तालमीच्या आतून काठ्या बाहेर यायला लागल्याचं मला न बघताच कळलं.

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा असतो. ज्या तालमीत आजा कुस्ती खेळला, त्याच तालमीच्या नावानं नातू फुटबॉल खेळतो. पेठापेठांचं हे वैर चांगलं मुरलेलं आहे आणि त्यालाही रीतभात आहे. जिंकलेल्यांनी गुलाल उधळावा, बँड लावावा, रात्रभर नाचावं, पण हरलेल्यांच्या गल्लीतून मिरवणूक न्यायची नाही. वाट वाकडी करायची आणि लांबून जायचं. हे कुठं लिहिलेलं नाही, पण कोल्हापुरात जन्मलेला कुणीही ते चुकत नाही. त्यामुळं चुकून कुणी असं करेल हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या जखमेवर मीठ चोळायलाच ते आले होते, दुसरं काय?

आणि मी तर काळा मारुती तालमीचा चिटणीस. आदल्या वर्षी एका मॅचनंतर दगडफेक झाली होती. स्पर्धा भरवणाऱ्यांनी मला समोर बसवून बजावलं होतं, की यंदा तुमच्यातल्या एकानं जरी हात उचलला तर तुमची टीम दोन वर्षं बाहेर. माझा धाकटा भाऊ प्रल्हाद आमचा कप्तान. तिशी ओलांडलेला, एका गुडघ्याला कायमचा पट्टा. दोन वर्षं बाहेर बसणं म्हणजे त्याचा खेळ संपलाच. बायको, नोकरी, घर सगळं होतं त्याला, पण तो जगायचा शनिवार-रविवारच्या त्या दीड तासासाठी.

"कुणी हात उचलायचा न्हाई," मी मागे वळून ओरडलो. "दावणीला बांधीन एकेकाला."

"आपल्या दारात आल्यात, रंगादा," मागून कुणीतरी म्हणालं. "दारात येऊन थुकाय लागल्यात, आन आपण गप बसायचं?"

खरं सांगायचं तर माझंही रक्त तापलं होतं. ट्रकवरची टीम रणझुंजार मंडळाची, आमचे जुने वैरी. पण तीन वर्षांपूर्वी इंगवले सरकार त्यांचे अध्यक्ष झाले आणि सगळं बदललं. सरकार मोठे बिल्डर. त्यांनी पेठेतली पोरं एकेक करून घरी बसवली आणि गोव्यातून, केरळातून, बंगालातून खेळाडू आणले. कोच बाहेरचा. बँड बाहेरचा. ट्रक बेळगावकडचा, ड्रायव्हरसकट. पहिल्या वर्षी आम्ही हसलो. दुसऱ्या वर्षी ते सेमी-फायनलला आले. तिसऱ्या वर्षी, त्या दिवशी, त्यांनी आम्हाला एक-शून्यनं हरवलं. तो गोलही प्रल्हादच्या दोन पायांमधून गेला. बॅकच्या पायांमधून बॉल जाणं म्हणजे काय, ते खेळणाऱ्यालाच ठाऊक. आमची गॅलरी त्या दिवशी विचित्र गप्प होती. पूर्वी आम्ही हरलो तरी स्टेडियम डोक्यावर घ्यायचो. त्या दिवशी लोक नुसते उठले, "पैसा जितला" म्हणाले आणि चपला घालून घरी आले. मी पण आलो. जेवण जाईना, म्हणून म्हशी घेऊन तळ्यावर गेलो.

आता तोच पैसा गुलाल लावून माझ्या म्हशीसमोर उभा होता.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "साहेब, म्हैस जरा बाजूला घ्या की. मिरवणूक हाय."

"कुणाची मिरवणूक?" मी विचारलं.

त्यानं वर टपाकडे बघितलं. ते त्यालाही नीट ठाऊक नसावं. टपावरच्या पोरानं गल्ली बघितली, दोन्ही बाजूंच्या दारांत आलेल्या बाया बघितल्या, मागून येणारी पोरं आणि त्यांच्या हातांतल्या काठ्या बघितल्या. आणि तो हसला. कप उंच करून त्यानं सगळ्यांना हात केला.

"दादा," तो गोव्याकडच्या कोकणी बोलीत मला म्हणाला, "ही आमचीच पेठ, न्ही?"

"तुमची म्हंजे कुणाची?"

"ज्यांचा कप, त्यांची." त्यानं काठ्यांकडे बोट केलं. "तुमी नाचपाक... नाचायला आयले? लोकांक किती आनंद जाला!"

बँडवाल्यांतला एक क्लॅरिनेटवाला तेवढा वाजवत राहिला होता, तोही थांबला. आणि मग दारात उभ्या असलेल्या कुणीतरी बाईनं फिस्सकन हसू सोडलं. मला ते हसू आवडलं नाही. हसावं की मारावं हे अजून ठरायचं होतं, आणि तेवढ्यात माझ्या शेजारून प्रल्हाद पुढे गेला.

अंगावर चिखलाची जर्सी तशीच होती. त्याच्या हातात काही नव्हतं, पण त्याच्या चालण्यावरून मी ओळखलं की आता कुणाचं काही ऐकायचा नाही. मी दावं सोडलं आणि त्याच्या मागे धावलो. तो ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवून वर बघत उभा राहिला. मागची पोरं त्याचा हात बघत होती. तो हात वर गेला असता तर काठ्या थांबल्या नसत्या, आणि मग दोन वर्षं काय आणि चार काय.

टपावरच्या पोरानं खाली बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"कॅप्टन!" तो ओरडला. कप काखेत मारून त्यानं सरळ खाली उडी टाकली आणि प्रल्हादचा हात दोन्ही हातांत धरला. "कॅप्टन, तू हंय रावता? इथं राहतो?"

मी त्याचा चेहरा जवळून बघितला. त्यात खोटं काही नव्हतं. यात्रेत हरवलेल्याला गावचं माणूस दिसावं तसा तो प्रल्हादकडे बघत होता. पुढे त्यानंच सांगितलं, की सहा महिने कोल्हापुरात राहून त्याला ओळखीचं वाटलेलं ते पहिलं तोंड होतं. पूर्ण दीड तास तो त्या तोंडाला बिलगून खेळला होता ना.

प्रल्हाद हात सोडवून घेईना आणि उचलेही ना. त्याचीही पंचाईत झाली.

"इथंच ऱ्हातो," तो शेवटी म्हणाला. "तू कुठं ऱ्हातोस?"

"लॉज. बस स्टँडाच्या फाटल्यान... मागे. चौथा माळा."

"आन पेठ?"

"पेठ खंय आसा ती म्हाका खबर ना," तो म्हणाला. "आज पयलेंच दाखवतले म्हणाले."

ज्या पेठेसाठी त्यानं आम्हाला हरवलं, ती पेठ त्यानं बघितलीच नव्हती. प्रल्हादनं माझ्याकडे बघितलं. इतका वेळ त्याच्या जबड्यात आवळलेलं काहीतरी सैल झालं. राग गेला असं म्हणणार नाही, पण तो ठेवावा कुठं ते त्याला कळेना.

एवढ्यात गोठ्याच्या दारातून आईचा आवाज आला.

माझी आई, हौसाबाई, गल्लीत तिला कुणी उलट बोलत नसे. कमरेला पदर खोचून, हातात चरवी घेऊन ती माणसं बाजूला सारत आली. "कुणी लावला हुता ह्यो बँड? धारेचा वकूत झालाय, मोरी बुजलीया. पान्हा चोरला तर सकाळपतुर सगळ्या गल्लीनं कोरा च्या प्यायचा व्हय?"

म्हैस बुजली की ती दूध आत ओढून घेते, त्याला आम्ही पान्हा चोरणं म्हणतो. गल्लीतल्या निम्म्या चुली आमच्या दुधावर चालायच्या, त्यामुळं हा प्रश्न फायनलपेक्षा मोठा होता. बँडवाल्यांनी आपणहून वाद्यं खाली ठेवली.

आईनं त्या पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुणाचा रं तू?"

त्याला प्रश्न कळला नाही. मी सांगितलं, नाव विचारतेय.

"मिंगेल," तो म्हणाला.

"गोल घातलास तो तूच का?"

हे मात्र त्याला बरोबर कळलं. त्यानं छातीवर हात ठेवून मान हलवली. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

"माझ्या लेकाच्या दोन तंगड्यांतनं?"

मिंगेलनं प्रल्हादकडे बघितलं, मग आईकडे, आणि मग त्याचा चेहरा पडला. आपण कुठं आलोय ते त्याला त्या क्षणी कळलं. त्यानं मागे बघितलं, तर ट्रकच्या मागेही आमचीच माणसं. कप त्यानं छातीशी धरला.

आणि आई सुरू झाली. तिनं त्याला मुडदा म्हटलं, त्याचं मढं बसवलं, त्याच्या तंगड्यांना काय काय व्हावं ते सविस्तर सांगितलं. त्याला असा पाय मारायला शिकवणाऱ्या मास्तरालाही तिनं सोडलं नाही. एकदाही तोंडात शब्द अडकला नाही. गल्लीतली माणसं आधी चपापली आणि मग हळूहळू त्यांच्या काठ्या खाली यायला लागल्या. कितीतरी दिवसांनी कानावर पडलेल्या ओळखीच्या गाण्यासारखं ते सगळे ऐकत होते. मला हसू आवरेना.

"आवय... आई कितें सांगता?" मिंगेलनं मला हळूच विचारलं.

"शिव्या देतीया."

"मगीर लोक हांसतात कित्याक? कशाला?"

आईनं दम घेतला आणि चरवी माझ्या हातात दिली. "धार काढ. आन ह्याला पेलाभर दे आदी. पळून पळून त्वांड बघ कसं झालंय मुडद्याचं. त्यो सरकार जेवाय घालतो का न्हाई, द्येव जाणं."

तेव्हा कुठं गर्दीतून धापा टाकत सर्जेराव आला. सर्जेराव हा रणझुंजारचा जुना गोलकीपर. चौदा वर्षं त्यांच्या गोलमध्ये उभा राहिलेला, आणि सरकारांनी घरी बसवलेल्यांत पहिला. एका वर्षी त्यानं प्रल्हादची पेनल्टी अडवली होती. मी गॅलरीतून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो बरणी घेऊन आमच्या गोठ्यावर दुधाला हजर. "रंगा, काल माझ्या आजीला काय म्हणालास, परत म्हण की," असं तो म्हणाला होता, आणि आईनं त्याला माप कमी घालीन म्हणून धमकी दिली होती. असा तो माणूस त्या दिवशी मान वर करत नव्हता.

"रंगा, चूक झाली," तो म्हणाला. "तीन वाटांच्या तिकटीवर सरकारांची जीप थांबली. सगळी हार घालाय जीपमागं. ट्रकापुढं एकबी पेठेतला माणूस न्हाई. ह्यो डावीकडं वळायचा तो उजवीकडं वळला. मला कळलं तसा पळत आलो."

"आन तू कुठं हुतास?"

"घरात." तो ट्रककडे बघत राहिला. ट्रकवर दहा-बारा पोरं दाटीनं उभी होती, गुलालात माखलेली, बावरलेली. "आमच्या पेठंनं कप जितला, रंगा. आन ह्यातल्या एकाचंबी नाव मला ठावं न्हाई. कुणाच्या गळ्यात पडू?"

त्याचे डोळे भरले होते. मला त्याचं वाईट वाटलं. आम्ही हरून घरी बसलो होतो, तसाच तो जिंकूनही घरी बसला होता.

मागोमाग इंगवले सरकार पायी आले. पांढरा सफारी, गळ्यात गुडघ्यापर्यंत हार. गल्लीत काय झालं असेल याची त्यांना धास्ती होती, पण माणसं हसताना बघून त्यांना धीर आला. त्यांनी मोरीकडे बघितलं, जी ट्रकसमोर रवंथ करत निवांत उभी होती.

"म्हैस बाजूला घ्या, रंगराव," ते म्हणाले. "काय घ्यायचं ते घ्या."

"ती इकायची न्हाई," आई म्हणाली. "आन हलायचं तिच्या मनावर हाय. आदी धार हुईल, मग बघू."

सरकारांना आमच्या गल्लीत, एका फळकुटावर बसून, धार होईपर्यंत थांबावं लागलं. मोरीनं पान्हा सोडायला तिचा वेळ घेतला. तोवर ट्रकवरची पोरं एकेक करून खाली उतरली. कुणी केरळचा, कुणी बंगालचा. त्यांना पेले दिले गेले आणि प्रत्येकाला विचारलं गेलं, कुणाचा रं तू. सर्जेराव त्यांच्या मागे मागे फिरून नावं ऐकत होता. ट्रक वळवायला गल्लीत जागा नव्हती आणि रिव्हर्स गिअर पडेना, म्हणून तो उलटा ढकलत तिकटीपर्यंत न्यावा लागला. ढकलणारी पोरं आमची, काळा मारुतीची. मगाशी काठ्या घेऊन आलेलीच. पुढे प्रल्हाद "डावीकडं घे, अजून डावीकडं" करत होता, आणि टपावर बसलेला मिंगेल त्याचं ऐकून ड्रायव्हरला ओरडत होता. त्या दिवशी आमच्या पोरांनी हात उचलले ते तेवढ्यापुरते. पुढं स्पर्धावाल्यांनी मला बोलावलं ते चहाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारेच्या वेळी मिंगेल गोठ्यासमोर उभा होता, हातात लॉजवरचा स्टीलचा तांब्या. "आवय खंय?" असं त्यानं विचारलं. त्यानंतर तो रोज यायला लागला. हळूहळू मराठी शिकला, तीही आईची, त्यामुळं ती चारचौघांत बोलायच्या कामाची नव्हती. सर्जेरावनं त्याला रणझुंजारची पेठ घरोघर फिरवून दाखवली आणि लॉजवरून उचलून आपल्या माडीवर ठेवून घेतलं.

पुढच्या वर्षी सेमी-फायनलला पुन्हा तेच आणि आम्ही. प्रल्हादनं आधीच जाहीर केलं होतं, हे त्याचं शेवटचं वर्ष. दुसऱ्या हाफमध्ये मिंगेलला उजवीकडून बॉल मिळाला. प्रल्हादनं या खेपेला पाय घट्ट जुळवले, तर त्यानं बॉल त्याच्या डोक्यावरून काढला आणि गोल घातला. मी गॅलरीत उभा राहिलो. तोंड उघडलं आणि मग थांबलोच नाही. मिंगेलच्या बापाला धरलं, लॉजला धरलं, ज्या माडीवर राहतो ती माडी पाडली, रोज पितो त्या दुधाचा हिशेब काढला. माझ्या मागे अख्खी गॅलरी उठली. गेल्या वर्षी गप्प बसलेली माणसं घसा फुटेस्तोवर ओरडत होती. आणि मिंगेल आमच्या गॅलरीसमोर आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि आईकडून शिकलेलं त्यानं सगळं मला परत दिलं, एकही शब्द न चुकता. मॅच संपल्यावर प्रल्हाद त्याच्या खांद्यावर हात टाकून मैदानातून बाहेर आला. तो कायमचा बाहेर आला, पण स्वतःच्या पायांनी आणि अंगावर जर्सी असताना.

मी घरी आलो तेव्हा घसा पार बसला होता. आई गोठ्याच्या दारात वाट बघत होती.

"काय झालं?"

"हरलाव."

"मग हसतोयास कशाला?"

मी तिथंच पायरीवर बसलो. मला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं. आदल्या वर्षी हरलो तेव्हा घास उतरला नव्हता, आणि त्या वेळी नेमकं काय सलत होतं ते मला आता कळत होतं. त्यांच्याकडे पैसा होता म्हणून आम्ही जळत नव्हतो. आमचा पिढ्यान्पिढ्यांचा दुश्मन कुणीतरी विकत घेतला होता आणि त्याच्या जागी नुसते नंबर उभे केले होते. नंबराला शिवी द्यायची तरी कशी आणि दुसऱ्या दिवशी दूध तरी कसं पाजायचं?

"आई, आज गोल आपल्या मिंगेलनं घातला," मी म्हणालो.

"कसा?"

"प्रल्हादच्या डोस्क्यावरनं."

आईनं कमरेला पदर खोचला आणि चरवी उचलली. "येऊ दे की सकाळी मुडद्याला," ती म्हणाली आणि धार काढायला आत गेली.